सातव्या पेटीची फीत

तांजुंग केलोर,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय दुल,

तू जिवंत आहेस हे मला चौदा महिन्यांपासून माहीत आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर ‘हिला कळलं कसं’ या एकाच विचाराने तुझा जीव टांगणीला लागेल आणि पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. मी कुणाजवळ बोललेले नाही. सासूजवळही नाही. लिहितेय ते आपल्या बापाकनी शिकवलेल्या कुराणाच्या अक्षरांत, कारण टपालकचेरीतल्या कारकुनाला ती वाचता येत नाहीत. तरीही टपालावर माझा विश्वास नाही. मीठ घेऊन बांजारमासिनला येणारा मदुरा बेटावरचा तांडेल मोनासिम हे पत्र कमरेला बांधून आणील. तू त्या गावात आहेस हे कळलं तेही त्याच्याचकडून. लाकडाच्या वखारीवर एक फाटक्या कानाचा माणूस आहे, बोलणं आपल्या किनाऱ्याचं, असं तो सहज सांगत होता. “नाव सांगतो अमात,” तो म्हणाला, “पण अमात म्हणून हाक मारली की तिसऱ्या हाकेला वळतो. बहिरा असेल बिचारा.” मी हसले, आणि हसता हसता मला भिंतीला टेकावं लागलं.

आधी घरची खबर देते. नवा धक्का पुरा झाला. मोठ्या बोटी आता थेट धक्क्याला लागतात. आपण मासे वाळत घालायचो त्या वाळूवर कोळशाचे ढीग आहेत, आणि पश्चिमेचा वारा सुटला की सगळ्यांची धुणी काळी होतात. फणसाला यंदा तीनच फळं धरली. माझ्या सासूचे, बु रातमीचे, गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. कालवणात मीठ कमी पडलं की म्हणते, “सगळं मीठ तुझ्या भावाने समुद्रात ओतलं वाटतं, घरात काही उरलं नाही.” मग भाताच्या टोपलीकडे बघत बसते. गावात तुझं नाव कुणी घेत नव्हतं. घ्यावंच लागलं तर ‘तो झडपवाला’ म्हणत. आणि मी झडपवाल्याची बहीण. विहिरीवर मी गेले की बायका आपल्या घागरी जरा बाजूला घेत. शिवाशीव नव्हे, नुसतं तसंच.

जिवंत चित्रांच्या कामाला मी लागले तेव्हा तू होतास, तरी एकदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. बंदर कसं बांधतात ते हॉलंडमधल्या लोकांना दाखवायचं म्हणून तो साहेब, तुआन रोलोफ्स, कॅमेरा घेऊन आला. चित्रं घ्यायला त्याला जमलं, धुवायला जमेना. आपल्याकडच्या कोमट पाण्यात फितीवरचा लेप सायीसारखा सुटून यायचा. तो डोक्याला हात लावून ओरडायचा, “पाणी गरम, चित्र मेलं!” कुणीतरी त्याला माझ्या मालकिणीच्या, न्योन्या चोआच्या, मेण लावून बातिक कापड रंगवायच्या कारखान्यात पाठवलं. तिथे पंधरा वर्षं मी निळीच्या पिंपाशी उभी होते. न्योन्या त्याला म्हणाली, “समुद्राला देवाने रंग दिला नाही वाटतं, म्हणून माझी रंगारीण पाहिजे?” पण तिने मला जाऊ दिलं. बर्फ किती, पाणी किती, ओल्या फितीला बोट कुठे लावायचं नाही, सगळं मला आठ दिवसांत जमलं. ओला मेणलेला कपडा आणि ओली फीत यांत फारसा फरक नाही. लाकडी पिंपावर फीत गुंडाळायची, सावकाश फिरवायची. छापलेल्या फितीवर समुद्र असेल तर निळ्या पाण्यातून काढायची, दिवसाची असेल तर हळदीसारख्या पिवळ्यातून. मला ते काम आवडायचं, दुल. तू आणि माझा कांग कार्मिन धक्क्याच्या पेट्यांवर काम करायचात आणि मी तुम्हाला दोघांना अंगठ्याएवढं करून पाण्यात बुचकळायची.

कार्मिनला पेटीच्या कामावर तूच लावलंस. मी नको म्हणत होते. एवढ्या मोठ्या काँक्रीटच्या पेट्या, आपली मशीद आत मावेल अशा. त्या तरंगत आणायच्या, जागेवर आल्या की झडपा उघडून आत पाणी घ्यायचं आणि सरळ तळाला बसवायच्या.  थोरल्या बहिणीची समजूत काढत तू म्हणालास, “युक, आत बसून गळती बघायची, बुडवायच्या आधी बाहेर यायचं. सावलीतलं काम. तुझा नवरा काळा पडायचा नाही.” तो म्हणाला, “आता आणखी काळा पडायला जागा कुठाय?” तुम्ही दोघं किती हसलात! मी रागाने तुमच्या पानांत मिरचीची चटणी जास्त वाढली.

त्या दिवशी मी फिती धुवायच्या शेडमध्येच होते. सकाळचे दहा वाजले असतील. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग भोंगा, मग पुन्हा भोंगा, थांबेचना. मी धावत गेले तेव्हा सातवी पेटी दिसतच नव्हती. जिथे ती असायची तिथे पाणी गोल गोल फिरत होतं आणि त्यावर एक बांबूची टोपली तरंगत होती. आत अकरा माणसं होती. वर समुद्राच्या बाजूच्या झडपेवर तू. बाकीच्या झडपांवरचे लोक जमिनीच्या बाजूला होते, ते वाचले. कार्मिन तिसऱ्या दिवशी मिळाला. तू मिळाला नाहीस, म्हणून तुला बारावा धरलं. मग चौकशी झाली आणि कागदावर आलं की शिट्टी व्हायच्या आधीच तू तुझ्या बाजूची झडप उघडलीस, म्हणून पेटी कलली. मेलेल्या माणसाला विचारणार कोण? कार्मिनच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला गाव आलं, माझ्याकडे न बघता जेवून गेलं. तुझ्या नावाचा भात मी वेगळा शिजवला होता. एकही माणूस आला नाही. बु रातमी दारातून म्हणाली, “माझा मुलगा बुडवला त्याचा भात तू कोणत्या तोंडाने शिजवतेस? आणि मी तुझ्याच हातचं खाते, मला कोणतं तोंड आहे?” तो भात मी स्वतः खाल्ला. संध्याकाळपर्यंत पुरला.

पंधरा दिवसांनी तुआन रोलोफ्सने मला बोलावलं. तो बारीक झाला होता. त्या दिवशी तो गाळ काढायच्या तराफ्यावर कॅमेरा लावून बसला होता, पेटीपासून हाकेच्या अंतरावर. आणि पेटी कलली तरी त्याचा हात दांडा फिरवतच राहिला. तो म्हणाला, “हात थांबला नाही. मी नाही, हात.” ती फीत धुवायची त्याची छाती होत नव्हती. मी धुतली. वाळल्यावर शेडच्या दारात, दिवसाउजेडी, त्याचं भिंग घेऊन एकेक चित्र बघायला लागले. धुतलेल्या फितीत सगळं उलटं असतं, तुला माहीत आहे. आकाश काळं, माणसं पांढरी. भुतांनी बंदर बांधायला घेतल्यासारखं. त्या चित्रांत लाँचच्या शिट्टीची वाफ काळी होऊन वर येते. झडपा उघडा म्हणून मोठा इंजिनिअर निशाण खाली करतो. तू त्याच्याकडे बघत उभा आहेस. मग, त्यानंतर, तुझे दोन्ही हात चाकावर जातात. दुल, मी सात वेळा पाहिलं. शिट्टी आधी, हात नंतर. जमिनीच्या बाजूचे दोघे चाकाला झोंबतायत, चाक हलत नाही. एक जण दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून थांबा थांबा करतोय. निशाण खालीच आहे, आणि आतले अकरा जण अजून बाहेर आलेले नाहीत. मी तिथेच, त्या औषधांच्या वासात, जमिनीला कपाळ टेकलं. माझा भाऊ खुनी नाही, एवढंच मला दिसत होतं. मग उठले. फीत अजून बरीच उरली होती.

उरलेली बघितली, आणि तू जिवंत आहेस हे त्यात कळलं. पाण्यात एक डोकं, खारफुटीच्या झाडीकडे जाणारं, मागे न बघणारं. बाकीचं पुढे लिहीन. 

दुसऱ्या दिवशी कंपनीतून निरोप आला, ती फीत जाळा. रोलोफ्सने गुंडाळी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभा राहिला. “तू जाळ,” म्हणाला, “मी बघितलं नाही.” काय बघितलं नाही ते त्याने सांगितलं नाही. महिन्याने तो हॉलंडला गेला. मी फीत जाळली नाही. तिच्या डब्यासकट मातीच्या रांजणात ठेवली, निळीच्या पिंपामागे. ही फीत एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते, असं त्यानेच मला सांगितलं होतं. तेव्हापासून मी मेण वितळवायची चूल अंगणाच्या पार त्या टोकाला नेली. न्योन्या म्हणते, “तुमिनाह, वय झालं वाटतं, आगीला भ्यायला लागलीस.” सरकारी अंमलदाराचे, वेदोनोचे, शिपाई रस्त्याने गेले की मला त्या रांजणातून धूर येताना दिसायचा. येत नसायचा. मी हात घालून बघायची, गार असायचा. दारावर कुणी खोकलं तरी माझ्या हातातलं सुटून पडायचं. आणि सगळ्यात जास्त भीती बु रातमीची. तिला दिसतं कमी, पण माझा चेहरा तिला बरोबर वाचता येतो.

गेल्या महिन्यात धक्क्याचं उद्घाटन झालं आणि ती जिवंत चित्रं हॉलंडहून तयार होऊन परत आली. मैदानात मोठा पडदा लावला. साहेब लोक पुढे खुर्च्यांवर, आपण सगळे पडद्याच्या मागे जमिनीवर. मागून सगळं डाव्याचं उजवं दिसतं, पण माणसं कळतात. मी जाणार नव्हते. बु रातमी म्हणाली, “मला घेऊन चल, कसलं बंदर आहे ते तरी बघू, ज्याने माझं घर खाल्लं.” मगरीबची नमाज झाली, अंधार पडला, बँड वाजला. आणि दुल, ते सगळे आले. मेलेले. आधीच्या दिवसांची चित्रं होती ना! वाकून गोण्या उचलताना, विडी पेटवताना, कॅमेऱ्याकडे बघून दात काढताना. एकेका बाईने नाव घेऊन किंचाळायला सुरुवात केली. मग कार्मिन आला. मांडी घालून केळीच्या पानावर भात खात होता. त्याने वर बघितलं, लाजला आणि पान घेऊन पाठमोरा झाला. बु रातमी उठली, त्या मोडक्या गुडघ्यांनी लोकांच्या अंगावरून चालत गेली आणि पडद्यावर हात ठेवून उभी राहिली. मागून कुणी ओरडलं, “म्हातारे, बाजूला हो, दिसत नाही!” ती म्हणाली, “माझा मुलगा आहे. मी का बाजूला होऊ?” नंतर तू आलास, पेटीच्या काठावर कमरेवर हात ठेवून, फुशारकीने. तेवढ्यात कुणीतरी नारळाची करवंटी भिरकावली. पडद्यावर तुझ्या छातीशी भोक पडलं. पुढचं सगळं बंदर त्या भोकासकटच बघितलं आम्ही. पेट्या एकामागून एक शांतपणे पाण्यात बसत होत्या, आणि म्हातारा पाक सुरातिन मोठ्याने मोजत होता. सहानंतर तो थांबला. “ही तर आठवी! सातवी कुठे गेली? सातवी कुणी खाल्ली?”  साहेब लोकांच्या बाजूने बँड पुन्हा सुरू झाला.

चारच दिवसांनी सुराबायाहून एक वर्तमानपत्रवाला आला, मास विग्नो. चष्मा, पायात बूट, बोलणं मऊ. म्हणाला, “युक, फीत जाळली असं कंपनी म्हणते. पण जाळणारा माणूस काही मला सापडत नाही.” मी म्हटलं, मी रंगारीण, मला काय माहीत. तो म्हणाला, “झडपवाल्याची बहीण म्हणून नाही विचारत. त्या अकरांतल्या एकाची बायको म्हणून विचारतो.” तो गेल्यावर आतून बु रातमीचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं. “असेल तर दे,” ती म्हणाली. “तुझ्या भावाने मारलं की साहेबाने, ते मला मरायच्या आधी कळू दे. शिव्या घालते मी रोज. निदान बरोबर माणसाला घालू दे.”

तिला कसं सांगणार होते की त्या फितीत आणखी काय आहे? तुला सांगते. तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतास. पण मी बघितलं हे तुला माहीत असायला हवं. पेटी कलते. तू पेटीच्या वरच्या तोंडाच्या काठाशी घसरत येतोस आणि लोखंडी कडी धरतोस. तोंडातून एक हात बाहेर येतो, मग डोकं. मुंडाशाची गाठ डाव्या कानावर. आपल्या गावात तशी गाठ एकच माणूस बांधायचा. तू वाकतोस. तुझा हात पुढे जातो. एकोणीस चित्रं तुझा हात पुढे आहे. विसाव्या चित्रात तो मागे आलेला आहे. मग तू काठावर उभा राहतोस आणि उडी मारतोस. तुझ्या मागे तो हात अजून वर आहे, आणखी अकरा चित्रं, मग पाणी.

मास विग्नो परत यायच्या आदल्या दुपारी मी दार लावून घेतलं, मेण खरवडायची सुरी घेतली आणि फीत कापली. तुझे हात चाकावर जातात आणि पेटी कलू लागते, तिथे. त्याआधीचा तुकडा त्याला दिला. त्यातली चित्रं त्याने मोठी करून छापली. वर्तमानपत्र इथे पोचून आज सहा दिवस झाले. मोठा इंजिनिअर आजारी म्हणून सुराबायाला गेला, चौकशी पुन्हा व्हायची आहे. वेदोनोच्या कचेरीत माझी दोनदा हजेरी झाली. उरलेली फीत कुठे आहे, विचारतात. मी म्हणते, एवढीच मिळाली. आणि गाव? विहिरीवर काल पाक सुरातिनच्या सुनेने माझी घागर उचलून दिली. परवा बायका केळी घेऊन आल्या आणि अंगणात बसून रडल्या. त्यांना तुझ्या नावाचं जेवण घालायचंय, येत्या गुरुवारी, सगळ्या गावाला. बु रातमी स्वतः भाताचा डोंगर रचणार आहे. काल तांदूळ निवडताना म्हणाली, “बिचाऱ्या पोराला मी चौदा महिने शिव्या दिल्या. कार्मिनजवळच असेल ना तो? एकमेकांना धरूनच गेले असतील.” मी ‘हो’ म्हटलं. जिवंत भावाच्या नावाने फातिहा म्हणायला मी बसणार आहे, आणि मला देवाची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

हे वर्तमानपत्र बांजारमासिनलाही पोचेल. वाचून तुला वाटेल, आता वाट मोकळी झाली. तू येशील, आणि सगळं गाव तुला खांद्यावर घेईल, आणि मला तुझ्या हातात पाण्याचं भांडं द्यावं लागेल. तुझ्या त्याच हातात. म्हणून येण्याआधी मला एक सांग, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या एकोणीस चित्रांत कार्मिनचं तोंड हलतं. चेहरा तिळाएवढा आहे, पण भिंगाखाली दिसतं. तोंड मिटलेलं, मग उघडं, मग मिटलेलं, मग पुन्हा उघडं. तो तुला काहीतरी म्हणाला, आणि त्यानंतर तुझा हात मागे गेला. ‘हात दे’ म्हणाला? की ‘माझे पाय अडकलेत, तू जा’ म्हणाला? मी आरशासमोर बसून दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली, शेकडो वेळा. दोन्ही त्या ओठांना बसतात. चित्रं मुकी आहेत, दुल, आणि ते ऐकलेला माणूस जगात तू एकटाच आहेस. मोनासिम तिथे चार दिवस थांबेल. माझ्यावर दया करून खोटं लिहू नकोस, मला तुझं खोटं लहानपणापासून ओळखता येतं. उत्तर काय येईल याची भीती वाटते, तरी विचारते. तो काय म्हणाला?

वाट बघणारी, अजून तरी तुझीच,
युक तुमिनाह